प्रतिकाराला आवर घालणारी ग्रंथी

1962 साली गौडी आणि पिंकर्टन या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी 22 वर्षांच्या एका तरुणीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुसऱ्या बाळंतपणाला 14 महिने झाले होते. पाळी परत आली नव्हती, थकवा होता. पोटात दुखू लागले म्हणून सुजलेले अपेंडिक्स काढले आणि त्यानंतर काही तासांत तिचा रक्तदाब कोसळून ती दगावली. शवविच्छेदनात तिची पीयूषिका ग्रंथी आक्रसलेली आणि लिंफोसाइट पेशींनी गच्च भरलेली आढळली. थायरॉइडमध्येही त्याच पेशी शिरलेल्या होत्या आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेल्या होत्या. संरक्षणासाठी असलेल्या पेशींनी पीयूषिका नष्ट केली होती, आणि पीयूषिका नव्हती म्हणून एरवी सहज निभावणारा आजार तिच्या शरीराला निभावता आला नाही.

पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथी. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, जागा मेंदूच्या तळाशी, कवटीतल्या एका खोलगट हाडात. पुढच्या भागातून एसीटीएच, ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि प्रजननाशी निगडित दोन संप्रेरके स्रवतात. मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन. ही संप्रेरके रोगप्रतिकारक पेशींना काय सांगतात आणि त्या पेशी ग्रंथीला काय कळवतात, यावर नव्वदहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे. ते सारे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की पीयूषिकेचे या बाबतीतले सर्वांत मोठे काम प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ हे नाही. सुरू झालेल्या प्रतिकाराला वेळेवर आणि बेताने आवर घालणे, हे तिचे मुख्य काम. बाकीची कामे आहेत, काही महत्त्वाचीही आहेत. पण त्यांचा पुरावा या एका कामाइतका भक्कम नाही.

पहिला धागा 1930 साली हाती आला. फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पीयूषिका काढून टाकली, तेव्हा त्यांच्या छातीतली थायमस ग्रंथी आकसली. थायमस कशासाठी असते हेच तेव्हा ठाऊक नव्हते. तिथे टी-पेशी घडतात हे समजायला 1960चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे स्मिथ यांचे निरीक्षण बराच काळ एकटेच राहिले. 1936 साली हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये छोटे टिपण लिहिले. थंडी, इजा, विषारी द्रव्य असा कोणताही जबर ताण दिला की उंदराच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आकसते आणि जठरात व्रण पडतात. म्हणजे पीयूषिका काढली तरी थायमस आकसते, आणि ताणाखाली पीयूषिका जोमाने कामाला लागली तरीही आकसते. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. ही विसंगती उलगडणे हाच पुढच्या अनेक दशकांच्या कामाचा गाभा होता.

त्यातली दुसरी बाजू आधी उलगडली. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच सुटते, ते पीयूषिकेकडून एसीटीएच सोडवून घेते आणि एसीटीएच अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसोल. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोलचेच भावंड असलेले कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. थोड्याच काळात एसीटीएच टोचूनही तोच परिणाम मिळतो असे दिसले. हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना 1950 साली नोबेल मिळाले. पण या यशाने एक गैरसमज रुजवला. कॉर्टिसोल सूज कमी करते हा औषधी, म्हणजे मोठ्या मात्रेचा गुण आहे, शरीरातल्या रोजच्या मात्रेला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे मानले गेले. 1984 साली अ‍ॅलन मंक आणि सहकाऱ्यांनी हे उलटे मांडले. त्यांच्या मते ताणात कॉर्टिसोल वाढते ते संरक्षणासाठी नव्हे, तर संरक्षणाच्या प्रतिक्रिया हाताबाहेर जाऊन शरीरालाच इजा करू नयेत म्हणून. माझ्या दृष्टीने या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे.

कॉर्टिसोल हे करते कसे? ते मेदात विरघळणारे असल्याने पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरते. त्याला धरणारे ग्राहक-प्रथिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. ही जोडी केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या यंत्रणेला अडवते, आणि आयएल-1, आयएल-6, टीएनएफ या संदेशवाहक प्रथिनांची निर्मिती मंदावते. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. थायमसमधल्या कोवळ्या टी-पेशी मोठ्या मात्रेत मरतात. सेल्ये यांना दिसलेला आकस तो हाच. प्रौढ लिंफोसाइट मात्र बहुतांशी मरत नाहीत, त्या रक्त सोडून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जाऊन थांबतात. उलट न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरून सुटून रक्तात येतात. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात त्या यामुळे, आणि त्यावरून दरवेळी नवा जंतुसंसर्ग झाला असे समजून घाबरण्याचे कारण नसते.

याला दिवसाची लयही आहे. कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, पहाटे चढत जाऊन सकाळी सर्वाधिक. आमवाताच्या रुग्णांत उत्तररात्री आयएल-6 वाढते आणि सकाळी उठताना बोटे वळत नाहीत. झोपताना घेतलेली पण पहाटे दोनच्या सुमारास विरघळणारी प्रेडनिसोनची गोळी सकाळचा हा ताठरपणा कमी करते, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तेच औषध, फक्त वेळ ग्रंथीच्या लयीशी जुळवलेली.

पण ग्रंथीला कळते कसे, की आता आवर घालायची वेळ आली आहे? ह्यूगो बेसेडोव्स्की यांनी 1970च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दाखवले की प्राण्याला परके प्रथिन टोचले आणि प्रतिकाराची प्रतिक्रिया भरात आली, की रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांतले कॉर्टिसोल, आपोआप वाढते. 1986 साली त्यांच्या गटाने निरोप पोचवणारा रेणू ओळखला : आयएल-1. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये एकाच अंकात आलेल्या संशोधनांनी आयएल-1 नेमके कुठे काम करते यावर वाद घातला. काहींच्या मते हायपोथॅलॅमसवर, काहींच्या मते थेट पीयूषिकेवर. आज दिसते ते असे, की तातडीचा मार्ग मुख्यतः हायपोथॅलॅमसमधून जातो. सायटोकाइन रक्त-मेंदू अडसर सहजी ओलांडत नाहीत. ते अडसर नसलेल्या काही मोजक्या जागांवर, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार करवून आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर देतात. ताप येतो तोही याच वाटेने. पीयूषिका स्वतः मात्र गप्प बसलेली नसते. तिच्यातल्या फॉलिक्युलो-स्टेलेट नावाच्या पेशी आयएल-6 बनवतात हे 1989 मध्ये बेल्जियममध्ये सिद्ध झाले, आणि एलआयएफ हे सायटोकाइन ग्रंथीतच एसीटीएचच्या जनुकाला चालना देते हे नंतर कळले. आजार लांबला की ही स्थानिक सोय महत्त्वाची ठरत असावी.

ही साखळी तुटली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उत्तर एस्थर स्टर्नबर्ग यांनी 1989 साली दिले. लुईस आणि फिशर अशा उंदरांच्या दोन जाती. दोघांना स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या भित्तिकांचे तुकडे टोचले. लुईस उंदरांचे सांधे सुजून वाकडे झाले, फिशर उंदरांना जवळपास काही झाले नाही. फरक पांढऱ्या पेशींपेक्षा मेंदूत होता. लुईस उंदरांचा हायपोथॅलॅमस दाहाच्या निरोपाला दाद देत नव्हता, सीआरएच पुरेसे सुटत नव्हते, म्हणून पीयूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी थंड राहत होत्या. मग संशोधकांनी धडधाकट फिशर उंदरांमध्ये कॉर्टिसोलचे ग्राहक औषधाने बंद केले, आणि तेच उंदीर तीव्र दाहाने आजारी पडले. माणसातला संधिवात एवढ्याने समजत नाही. माणसांची जनुके आणि आयुष्ये फार मिसळलेली असतात. तरी ‘प्रतिकार कमी पडला’ आणि ‘आवर कमी पडला’ हे दोन वेगळे आजार आहेत, हे या प्रयोगाने शिकवले.

इथे एक गुंतागुंत नोंदवली पाहिजे. 1993 साली बर्नहागेन आणि बुकाला यांच्या गटाने दाखवले की जिवाणूंचे विष रक्तात गेल्यावर पीयूषिका एमआयएफ नावाचे सायटोकाइनही सोडते, आणि ते दाह भडकवते. दोन वर्षांनी उमगले की एमआयएफ कॉर्टिसोलच्या परिणामाला विरोध करते. एकच ग्रंथी एका हाताने आवरते, दुसऱ्या हाताने सोडते. त्यामुळे पीयूषिकेला निव्वळ दडपशाही करणारी मानणे चूक आहे. किती आवरायचे याचे मोजमापही तिच्याच कारभारात आहे.

आता ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन. या क्षेत्रात सर्वाधिक उत्साह आणि सर्वाधिक निराशा इथेच आहे. कॅनडात विनिपेगला इस्तवान बेर्त्सी आणि एव्हा नागी यांनी पीयूषिका काढलेल्या उंदरांत प्रतिपिंडे आणि त्वचेवरची ॲलर्जीची प्रतिक्रिया दोन्ही मंदावतात हे दाखवले. प्रोलॅक्टिन किंवा ग्रोथ हार्मोन दिले की दोन्ही परत येत. प्रोलॅक्टिन रोखणारे ब्रोमोक्रिप्टिन दिले की धडधाकट उंदरातही प्रतिक्रिया मंदावे. स्मिथ यांच्या आकसलेल्या थायमसचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. त्याच सुमारास एनबी-2 नावाच्या उंदराच्या लिंफोमा पेशी प्रोलॅक्टिनच्या सूक्ष्म मात्रेवर भराभर वाढतात असे आढळले. 1986 साली कीथ केली यांनी म्हाताऱ्या उंदरांत ग्रोथ हार्मोन व प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशी रोवल्या, तर त्यांची झिजलेली थायमस पुन्हा भरली. मग या दोन संप्रेरकांचे ग्राहक उलगडले गेले, आणि ते बांधणीने आयएल-2, आयएल-6 यांच्या ग्राहकांचे सगोत्र निघाले. पेशीच्या आत जॅक आणि स्टॅट या एकाच प्रथिनमार्गाने ते काम करतात. ग्रोथ हार्मोन आणि सायटोकाइन ही खरे तर एकाच कुळातली मंडळी, असे म्हणण्यास जागा झाली.

त्यानंतर जनुके काढून टाकण्याचे तंत्र आले आणि चित्र बदलले. प्रोलॅक्टिन नसलेले उंदीर 1997 साली तयार झाले, त्याच वर्षी प्रोलॅक्टिनचा ग्राहक नसलेलेही. दोन्हींची रोगप्रतिकारक यंत्रणा जवळपास व्यवस्थित होती. जन्मजात बटू उंदरांच्या अस्थिमज्जेत बी-पेशी कमी असत, आणि वर्षानुवर्षे त्याचे खापर ग्रोथ हार्मोनच्या अभावावर फोडले जाई. प्रत्यक्षात ती उणीव थायरॉक्सिन दिल्यावर भरून आली. 2000 साली डॉर्शकाइंड आणि हॉर्समन यांनी हा सगळा पुरावा एकत्र मांडून निष्कर्ष काढला, की ही संप्रेरके लिंफोसाइट घडवण्यासाठी अपरिहार्य नाहीत. शरीर ताणाखाली असते, कॉर्टिसोल चढलेले असते, तेव्हा त्याचा अतिरेक सोसायला ती मदत करतात. मला हा निष्कर्ष पटतो. पीयूषिका काढण्याची शस्त्रक्रिया हाच मोठा ताण असतो, आणि जुन्या प्रयोगांतला बराच परिणाम त्यातून आलेला असू शकतो.

माणसातला पुरावाही याच बाजूचा आहे. इस्रायलमध्ये झ्वी लारोन यांनी 1966 साली वर्णन केलेल्या आजारात ग्रोथ हार्मोनचा ग्राहकच निकामी असतो. माणसे खुजी राहतात, पण त्यांना प्रतिकाराची ठळक उणीव नसते. 2003 साली मात्र एक मुलगी नोंदली गेली, जिची उंची खुंटलेली होती आणि फुफ्फुसांचे संसर्ग वारंवार होत होते. तिच्यात स्टॅट-5-बी हे प्रथिन बिघडलेले निघाले. ग्रोथ हार्मोन ज्या मार्गाने बोलते त्याच मार्गाने आयएल-2 बोलते, आणि मार्गच बंद झाल्याने दोन्ही आवाज गेले. तिच्या फुफ्फुसांचा त्रास ग्रोथ हार्मोनपेक्षा आयएल-2च्या बाजूचा होता.

म्हणून ‘इम्युनिटी’ किंवा तारुण्यासाठी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने घेणाऱ्या प्रत्येकाने 1999 सालचा एक निकाल वाचावा. अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना ताकद यावी, संसर्ग आटोक्यात यावा, या सदिच्छेने युरोपात मोठ्या मात्रेत ग्रोथ हार्मोन देऊन पाहिले. फिनलंडमधल्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी 39 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 20 टक्के. अनेक देशांतल्या दुसऱ्या चाचणीत हेच आकडे 44 आणि 18 होते. एचआयव्हीबाधितांत वर्षभर ग्रोथ हार्मोन दिल्यावर थायमस वाढल्याचे नंतर दिसले आहे, ते खरे आहे आणि अभ्यासण्याजोगे आहे. पण ग्रंथी वाढणे आणि रुग्ण जगणे या निराळ्या गोष्टी आहेत.

प्रोलॅक्टिनची एक बाजू मला अजूनही आशादायक वाटते : स्तनपान. मादी उंदरांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने प्रोलॅक्टिन आयजीए प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना स्तनग्रंथीत आणून बसवते असे आढळले. आईच्या दुधातून बाळाला मिळणाऱ्या संरक्षणात पीयूषिकेचा असा वाटा आहे. दुसरीकडे ल्युपसप्रवण उंदरांत प्रोलॅक्टिन वाढवले की आजार बळावतो, आणि गरोदरपणात ओसरलेला आमवात बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांत उसळतो. त्यात प्रोलॅक्टिनचा हात किती, उतरलेल्या कॉर्टिसोलचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. एसीटीएच आणि त्याच प्रथिनातून कापले जाणारे अल्फा-एमएसएच यांचे ग्राहक पांढऱ्या पेशींवरही असतात, त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी नसलेल्या उंदरातही एसीटीएच गाऊटसारखा दाह शमवते. ऑक्सिटोसिन मानवी थायमसमध्ये बनते हे 1986 पासून माहीत आहे. टीएसएचच्या बाबतीत निसर्गाने भलतीच उलटापालट केली आहे. ग्रेव्हज् आजारात बी-पेशी असे प्रतिपिंड बनवतात, जे थायरॉइडवरच्या टीएसएच-ग्राहकाला चिकटून त्याला सतत चालू ठेवते. पीयूषिका टीएसएच सोडणे जवळजवळ बंद करते, तरी थायरॉइड धावतच राहते, कारण तिला हुकूम आता पांढऱ्या पेशींकडून मिळतो. 1956 साली न्यूझीलंडमध्ये ॲडम्स आणि पर्व्हज यांना रुग्णांच्या रक्तात हा दीर्घकाळ काम करणारा पदार्थ प्रथम सापडला.

1980 साली ब्लेलॉक आणि स्मिथ (हे 1930चे फिलिप स्मिथ नव्हेत) यांनी लिंफोसाइट स्वतःच एसीटीएचसारखे पदार्थ बनवतात असा दावा केला. ब्लेलॉक तर रोगप्रतिकारक यंत्रणेला सहावे ज्ञानेंद्रिय म्हणत : डोळ्यांना न दिसणारे जंतू ती ओळखते आणि मेंदूला कळवते. ही कल्पना सुंदर आहे आणि तिचा अर्धा भाग आयएल-1च्या शोधाने सिद्धही झाला. लिंफोसाइटचे एसीटीएच पीयूषिकेची जागा घेऊन अधिवृक्क ग्रंथीला जागवते, हा उरलेला अर्धा मात्र टिकला नाही. पीयूषिका गेलेल्या माणसाचे कॉर्टिसोल तापात वाढत नाही, हे रोजच्या रुग्णसेवेतले सत्य त्याच्या विरुद्ध जाते.

1962च्या त्या तरुणीचा आजार आता नव्या वाटेने परत आला आहे. कर्करोगाशी लढताना टी-पेशींवरचा ब्रेक काढणारे इपिलिमुमॅब 2011 साली अमेरिकेत मंजूर झाले, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांची पीयूषिका सुजू लागली. हे औषध सीटीएलए-4 या प्रथिनाला अडवते, आणि तेच प्रथिन पीयूषिकेच्या पेशींवरही असते हे कातुरेल्यी यांच्या गटाने 2014 साली दाखवले. पीडी-1 अडवणाऱ्या निव्होलुमॅबसारख्या औषधांत हे कमी घडते, पण घडते तेव्हा बहुधा एसीटीएचच जाते आणि सहसा परत येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोक्या-मानेच्या कर्करोगात केवळ 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब देऊन आयुष्य वाढते हे सिद्ध केले आहे. नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही नाही. यामुळे हे औषध पूर्वी परवडत नव्हते अशा घरांत पोचेल. म्हणूनच अशा रुग्णाला डोकेदुखी, न संपणारा थकवा, मळमळ किंवा रक्तात सोडियम कमी असे आढळले, तर ‘कर्करोगामुळेच असेल’ म्हणून सोडून न देता सकाळचे कॉर्टिसोल तपासले पाहिजे.

आपल्याकडे पीयूषिका हरपण्याची आणखी दोन कारणे आहेत. एक, बाळंतपणातला अतिरक्तस्राव. काश्मीरमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूल झालेल्या प्रौढ स्त्रियांत त्यातून होणाऱ्या शीहान आजाराचे प्रमाण सुमारे 3 टक्के निघाले. दुसरे, घोणस चावणे. विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, पीयूषिकेचा रक्तपुरवठा जातो, आणि चावा बरा झाल्यावर महिन्यांनी-वर्षांनी थकवा, गळणारे केस, बंद झालेली पाळी दिसू लागते. या माणसांना जंतुसंसर्ग जीवघेणा ठरतो तो पांढऱ्या पेशी दुबळ्या असतात म्हणून नव्हे. त्या पेटतात, सायटोकाइन सोडतात, आणि त्यांना आवरायला व रक्तदाब सावरायला कॉर्टिसोल येत नाही.

तिसरे कारण आपण स्वतः निर्माण केले आहे. कोविडच्या साथीत जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. दाह हाताबाहेर गेल्यावरच आवर उपयोगी, हा मंक यांचा विचार इतक्या स्पष्टपणे माणसांत कधी दिसला नव्हता. तरीही 2021च्या लाटेत सौम्य आजारातही स्टेरॉइड वाटले गेले, आणि मधुमेहाच्या जोडीने म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत नोंदले गेले. दुखण्यावरच्या पुड्यांत, दम्याच्या ‘जडीबुटी’त आणि गोरेपणाच्या मलमांत मिसळलेले स्टेरॉइड त्याही आधीपासून घरोघरी आहेच. बाहेरून पुरवठा होत राहिला की पीयूषिका एसीटीएच बनवणे थांबवते, आणि तिला पुन्हा जागे व्हायला महिने लागतात.

म्हणून घरात कोणी काही आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर त्या अचानक बंद करू नका. पीयूषिकेचा आजार असलेल्याने ताप आल्यास रोजची हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट करावी लागते, उलट्या होत असतील तर इंजेक्शन घ्यावे लागते; हे आधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद पाकिटात ठेवा, आणि कोणत्याही ऑपरेशनआधी, दात काढण्याआधीही, तो समोरच्या डॉक्टरांना दाखवा.